गच्चीवरची काळी पूड

नत्थूजी भोयर यांनी उमरेडच्या कोळसा खाणीत चौतीस वर्षं फिटरचं काम केलं, आणि त्या चौतीस वर्षांत त्यांच्या हातून साधा वॉशरही हरवला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्यासोबत काम केलेली माणसं सांगत. डंपरचं इंजिन उघडलं की नत्थूजी आधी जमिनीवर स्वच्छ पोतं अंथरत. निघालेला प्रत्येक नट ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं त्यावर मांडत. त्या पोत्याला चुकून कुणाचा पाय लागला तर त्याची खैर नसे, मग तो साहेब का असेना.

निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको प्रेमिला नागपुरात दिघोरीच्या घरी येऊन राहिले. खाली दोन खोल्या, वर भाड्यानं दिलेली एक खोली आणि तिच्यापुढे मोकळी गच्ची. रिकाम्या हातांचं करायचं काय, म्हणून नत्थूजी सायकली दुरुस्त करू लागले. आधी शेजारच्यांच्या, मग गल्लीतल्या, मग गल्लीबाहेरच्या. सकाळच्या उन्हात गच्चीवर पोतं अंथरून बसायचं, चाकं उघडायची, बेअरिंगचे गोल छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, ग्रीस भरायचं आणि चाक फिरवून कान लावायचा. चाकाचा आवाज आलाच नाही की मान डोलवायची.

पण गेल्या दिवाळीपासून त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला होता. फार नाही, कपातला चहा हिंदकळेल इतकाच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. नत्थूजींनी ते ऐकून घेतलं आणि चहा डाव्या हातानं प्यायला सुरुवात केली. प्रेमिलाबाईंच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या कप थोडा कमी भरू लागल्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वरच्या खोलीतल्या भाडेकरीण, वैभवी मॅडम, आपली सायकल घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. मॅडम धरमपेठेतल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत. वय पस्तिशीचं, बोलणं मोजकं. रोज दिघोरीहून धरमपेठेपर्यंत सायकलनं जाणारी ही बाई, याचंच नत्थूजींना कौतुक होतं.

"काका, पायडल मारलं की कधीकधी रिकामंच फिरतं. चेन तर ठीक दिसते."

"फ्रीव्हील होय मॅडम. आतलं कुत्रं अडकत नसन. उद्या सकाळी गाडी तयार राहीन तुमची."

फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाची दातेरी चकती. तिच्या पोटात नखाएवढे दोन लोखंडी तुकडे असतात. कारागीर त्यांना कुत्रं म्हणतात, कारण ते दात्यांना चावून धरतात आणि म्हणूनच सायकल पुढे जाते. त्यांना उचलून धरायला केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. नवं फ्रीव्हील बसवून देणारे पुष्कळ. जुनं उघडून नीट करणारे आता थोडे. नत्थूजींनी मागचं चाक गच्चीवर नेलं, झाकण ठोकून ढिलं केलं आणि छर्रे एकेक करून वाटीत काढले. मग स्प्रिंगवर अंगठा ठेवला. अंगठा थरथरला.

'टिंग' असा बारीक आवाज झाला. स्प्रिंगही गेली आणि एक कुत्रंही.

नत्थूजींनी आधी छर्र्यांची वाटी बाजूला सरकवली. मग त्यांनी पोतं झटकलं. पायजम्याच्या घड्या पाहिल्या. चपला उलट्या करून पाहिल्या. त्यानंतर गुडघ्यांवर बसून, गाल फरशीला टेकवून, उन्हाच्या तिरप्या उजेडात त्यांनी गच्चीचा एकेक चौरस बघायला घेतला. प्रेमिलाबाई झाडू घेऊन वर आल्या, तेव्हा ते कोपऱ्यातल्या तुळशीच्या कुंडीमागे हात घालून बसले होते.

"काय हरपलं जी?"

"झाडू नको लावू वं! खालीच ठेव थो."

त्यांच्या आवाजावरूनच प्रेमिलाबाईंनी ओळखलं. झाडू त्यांनी भिंतीला टेकवला, खाली गेल्या आणि पिठाची जुनी चाळणी घेऊन आल्या. गच्चीवरची धूळ हातानं गोळा करून त्या मुठीमुठीनं चाळू लागल्या. तासभर हेच चाललं. चाळणीत सापडलं ते एवढंच: दोन काडेपेटीच्या काड्या, एक बटण आणि चिमणीचं पीस.

"लकडगंजच्या दुकानात भेटन न नवीन," शेवटी त्या हळूच म्हणाल्या.

"भेटन. पन माह्या हातून गेलं न." नत्थूजींनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "हे नाई सापडलं तर अवजाराइची पेटी बंद करतो मी आता. लोकाइच्या गाड्या बिघडवण्यापेक्षा बसलेलं बरं."

प्रेमिलाबाईंनी चाळणी खाली ठेवली. या माणसाला रिकामं बसलेलं त्यांनी एकदाच पाहिलं होतं, निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि तो महिना त्यांना पुन्हा नको होता.

"थांबा," त्या म्हणाल्या. "थो फुटका स्पीकर आहे न माळ्यावर, त्यात चुंबक असते म्हने."

नत्थूजींनी मान वर केली. चौतीस वर्षं फिटर राहिलेल्या माणसाला हे सुचू नये आणि पोळ्या लाटणाऱ्या बाईला सुचावं! ते उठले. स्पीकर फोडला, आतलं बांगडीसारखं जड चुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, सुतळीला बांधलं आणि बैलामागे वखर चालवावा तसं सगळ्या गच्चीवरून ओढायला सुरुवात केली.

स्प्रिंग पहिल्याच फेरीत चिकटली. मग स्टेपलच्या पिना आल्या, अर्धं ब्लेड आलं, एक खिळा आला. आणि मग तीन छर्रे आले. नत्थूजींनी ते तळहातावर घेऊन पाहिलं. हे आजचे नव्हते. आजचे सगळे वाटीत होते. म्हणजे याआधीही कधीतरी निसटले होते आणि आपल्याला कळलंही नव्हतं. चौतीस वर्षांचा हिशेब त्या तीन छर्र्यांपाशी येऊन थांबला. त्यांना हसू आलं की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी ते गुपचूप खिशात टाकले.

कुत्रं सापडलं ते सर्वांत शेवटी. पाणी जायच्या पाइपाच्या तोंडाशी वर्षानुवर्षं गाळ साचून पापडी धरली होती. चुंबक त्यावर ठेवताच पापडीच्या भेगेतून काहीतरी टचकन येऊन बसलं. नत्थूजींनी पिशवी उलटी केली, तर नखाएवढा लोखंडी तुकडा आणि त्याच्याभोवती दाट दाढीसारखी काळी पूड.

"भेटलं वं!" ते ओरडले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

चुंबक बाजूला करताच ती पूड स्टीलच्या ताटलीत झरझर पडली. ती फेकायला नत्थूजी उठले, तेवढ्यात वैभवी मॅडम चहाचा कप घेऊन खोलीबाहेर आल्या. ताटलीकडे पाहून त्या थबकल्या.

"काका, हे कुठून निघालं?"

"काही नाई मॅडम. लोखंडाचा चुरा होय. छतावरच्या गाळातून आला."

"फेकू नका." त्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि चक्क फरशीवर मांडी घातली. ताटली उन्हाकडे तिरपी करून त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. "मला द्याल?"

"काहून?" नत्थूजींना काही उमजेना. "याचं काय करान तुमी?"

"आत्ता सांगितलं तर तुम्ही हसाल. आधी मला बघू द्या."

सायकल दुसऱ्या दिवशी तयार झाली. मॅडमनी पूड कागदात बांधून नेली. एकदा त्या मोरीत ती धूत असताना प्रेमिलाबाईंना दिसल्या. तांदूळ धुवावेत तशा, पाणी हलकेच ओतत. शिकलेल्या माणसांचं काय सांगावं, असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला. मार्च गेला. एप्रिलमध्ये ऊन चांगलंच तापलं. एका संध्याकाळी मॅडम खाली आल्या. त्यांचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"काका, काकू, उद्या दोघंही माझ्या कॉलेजात याल? काहीतरी दाखवायचं आहे. इथे दाखवता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं ऑटो करून धरमपेठेला गेले. प्रयोगशाळेत सुट्टीची शांतता होती. काचेच्या कपाटांत दगडच दगड, प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवलेली. नत्थूजींना ते बघून बरं वाटलं. इथंही कुणीतरी वस्तू क्रमानं मांडत होतं. मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर स्टुलावर बसवलं.

नत्थूजींनी एक डोळा मिटून दुसरा लावला. आधी नुसता धूसर उजेड. मग त्यांनी बाजूची चकती फिरवली आणि खाली छर्रे दिसले.

काळे, चकचकीत, गोल. शेकडो. काही एकमेकांना चिकटलेले, काहींना बारीक शेपूट. पण गोल म्हणजे किती गोल! उभ्या आयुष्यात त्यांनी हजारो छर्रे बोटांमध्ये फिरवून तपासले होते. खोट कुठे आहे ते त्यांच्या कातडीला कळे. इथे खोट नव्हती.

"हे कोन बनवले?" त्यांनी डोळा न काढता विचारलं.

"यातले बहुतेक आपणच," मॅडम म्हणाल्या. "वेल्डिंगच्या ठिणग्या हवेतच थिजतात, त्यांचे होतात. वीज केंद्राच्या चिमणीतून राखेसोबत येतात. फटाक्यांतूनही. कोणतीही वितळलेली गोष्ट हवेत मोकळी सुटली की गोल होते. पण आता हा बघा."

त्यांनी काच बदलली. आता मधोमध एकच दाणा होता. हा चकचकीत नव्हता. राखाडी, किंचित लांबट, आणि त्याच्या अंगावर एकाला एक लागून बारीक समांतर रेघा. नांगरलेलं वावर उंचावरून दिसावं तशा.

"हा खसखशीच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा आहे. याला मी दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं होतं. परवा अहवाल आला." मॅडम थांबल्या. "काका, हा इथला नाही."

"उमरेडचा आहे काय?"

"पृथ्वीवरचा नाही. हा आकाशातून आला आहे. सूर्याभोवती फिरणाऱ्या धुळीतला कण. तो इतक्या वेगानं आपल्या हवेत शिरला की वितळून थेंब झाला आणि पडता पडता थिजला. या रेघा तेव्हाच्या आहेत. आणि पडला तुमच्या गच्चीवर."

नत्थूजी पुन्हा काचेवर वाकले. अंगठा चकतीवर होता आणि थरथरत होता. त्यामुळे दाणा क्षणात स्पष्ट होई, क्षणात विरे, पुन्हा स्पष्ट होई. जणू श्वास घेतोय.

"किती जुना?" त्यांनी विचारलं.

"ज्या धुळीतून पृथ्वी बनली, त्याच धुळीतला. साडेचारशे कोटी वर्षं."

खाणीत असताना एकदा एका दगडी पाटीवर त्यांना पानाचा ठसा सापडला होता, अगदी शिरांसकट. सर्वेअर साहेब म्हणाले होते, हे पान पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी झाडावरून गळलं. त्या दिवशी नत्थूजींनी डबा खाल्ला नव्हता. एवढ्या जुन्या वस्तूवर आपण रोज घण घालतो, या विचारानं घास उतरला नव्हता. जमिनीच्या पोटात जितकं खोल जाता येतं तितकं ते गेले होते, आणि त्यांना वाटलं होतं, याहून जुनं काही आपण पाहणार नाही. आणि हे? ते पान झाडावर होतं तेव्हाही हे म्हातारंच होतं. कोळसा व्हायचा होता, झाड व्हायचं होतं, माती व्हायची होती. तेव्हापासून हा छर्रा फिरत होता, एकटा, आणि शेवटी दिघोरीच्या पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबला.

त्यांनी डोळा काढला तेव्हा तो ओला होता. लाज वाटून त्यांनी शर्टाच्या बाहीनं पुसला.

"मॅडम, तुमी तर हे रोजच शिकवता."

"शिकवते," वैभवी म्हणाल्या. "अकरा वर्षं. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं आहे. पण माझ्या खोलीच्या दारात पडलं असेल, असं कधी मनातही आलं नाही. परवापासून मला झोप नाही, काका."

आता प्रेमिलाबाई पुढे झाल्या. चष्मा काढून पदरात बांधला आणि स्टुलावर बसल्या. त्या जितका वेळ बघत राहिल्या तितका वेळ नत्थूजीही बघत राहिले नव्हते. मग मान न उचलताच त्यांनी विचारलं, "मॅडम, हे अजूनही पडून राह्यलं काय?"

"हो काकू. रोज. सगळ्या पृथ्वीवर मिळून टनांनी पडतं. आत्ताही पडत असेल."

"आन मी झाडून फेकून राह्यली," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जलमभर. रोज सकाळी."

मॅडमनी दाण्याची काच हलकेच काढून डबीत ठेवली.

दोघं निघाले तेव्हा मॅडमनी नत्थूजींना विचारलं, कॉलेजच्या गच्चीवरही असंच चुंबक फिरवायचं आहे, याल का? असं ओढायला हात सवयीचा लागतो, मुलांना घाई होते. नत्थूजींनी अंगठा मुठीत लपवला, मग मूठ उघडली आणि तो सरळ त्यांच्यासमोर धरला.

"हा असा आहे, मॅडम."

"दिसला मला. चालेल."

"मंग येतो मी," नत्थूजी म्हणाले. "सोमवारी."

बाहेर धरमपेठेत दुपारचं ऊन ओतत होतं. रस्त्यावरच्या साऱ्या माणसांनी दुपट्ट्यांनी डोकी बांधून घेतली होती. ऑटोची वाट बघत दोघं फुटपाथवर उभे राहिले. प्रेमिलाबाईंनी पदर डोक्यावर घेतला नाही. नत्थूजींनी सांगूनही घेतला नाही. ऊन लागेल, चक्कर येईल, असं ते म्हणत राहिले. "आताही पडून राह्यलं असन न," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनीही आपली टोपी काढून हातात घेतली. ऑटो आला, त्यांच्यापाशी थांबला. चालकानं हॉर्न वाजवला, तरी दोघंही वर बघत उभे होते.