माकारिओंच्या पोटाला जागा उरली नाही

मित्रांनो, मी ट्रकचे एक जुने डिझेल इंजिन आहे. ग्वाटेमालाच्या डोंगरात अर्धे आयुष्य मी सिमेंट वाहिले. आता मी कोंबड्या, मक्याची पोती आणि कोंबड्यांहून जास्त कलकलाट करणारी माणसे वाहतो. सिमेंट गप्प बसायचे, एवढीच काय ती त्या नोकरीची आठवण येते.

ट्रक गंजून गेला तेव्हा मला भंगारवाल्याच्या अंगणात टाकले. तिथे एक कोंबडी माझ्यावर बसून अंडी घालू लागली. घाटात गर्जना करणाऱ्या माझी ही दशा! मला फार वाईट वाटे. मग एके दिवशी माकारिओ नावाचे बसमालक आले आणि मला घेऊन गेले.

त्यांची बस मूळची शाळेची. उत्तरेकडे, अमेरिकेतल्या सपाट रस्त्यांवर मुलांची ने-आण करून ती निवृत्त झाली होती. इथे तिला लाल-हिरवा रंग मिळाला, पण दम मात्र शाळेच्या मुलांना पुरेल एवढाच राहिला. नदीपासून सांता उर्सुला गावाचा चढ लागला की सगळे उतारू खाली उतरायचे आणि टोपल्या डोक्यावर घेऊन चालत वर जायचे. मागून निकानोर नावाच्या दुसऱ्या बसमालकाची बस भोंगा वाजवत पुढे निघून जायची. हळूहळू माणसे निकानोरकडेच जाऊ लागली. त्या वर्षी सांता उर्सुलाच्या जत्रेतही तसेच झाले असते, तर माकारिओंना बस विकावी लागली असती.

तोरिबिओ मिस्त्रीने मला साखळीने उचलून बसच्या नाकात उतरवले. मी तिथल्या जागेपेक्षा लांब भरलो. मग त्याने पुढची पत्र्याची भिंत कापली, मला चालकाच्या शेजारपर्यंत आत सारले, खाली नवे आधार जोडले आणि वर झाकण ठोकले. चालकाची जागा मोजायला तो स्वतःच सीटवर बसला, कारण मालक जेवायला गेले होते. तोरिबिओ म्हणजे नुसती काडी.

जत्रेच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडले. झेंडूच्या माळा चढल्या. मालक मोठ्या थाटात आत चढले आणि माझे झाकण आणि स्टीअरिंग यांच्यामध्ये अडकले.

"अहो, पोट आत घ्या!" त्यांची बायको ब्रिखिदा ओरडली.

"आतच घेतलंय!"

"मग हे बाहेर काय आहे?"

तोरिबिओ डोके खाजवत म्हणाला, "दोन बोटं चुकली, मालक."

"बोटं कसली, वीत म्हण वीत!" ब्रिखिदाबाई म्हणाल्या.

तिघांनी ओढून मालकांना बाहेर काढले. ते लालबुंद झाले होते. "काढ ते इंजिन! टाक परत भंगारात!"

मित्रांनो, माझ्या अंगातले तेल गोठले. मला ती कोंबडी आठवली.

"उद्या जत्रा आहे," ब्रिखिदाबाई शांतपणे म्हणाल्या. "उद्याची फेरी मी मारते. लग्नाआधी बाबांचा मक्याचा ट्रक मीच चालवायचे. परवा काढा हवं तर."

"आणि मी काय करू?"

"दारात उभं राहून उतारू बोलवा. आवाज आहे की तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी बस खचाखच भरली. नदी आली आणि सवयीप्रमाणे सगळे टोपल्या घेऊन उभे राहिले.

"बसा हो खाली! कोणी उतरायचं नाही!" ब्रिखिदाबाई म्हणाल्या.

कोणाचा विश्वास बसेना. फेलिपा नावाची एक म्हातारी तर उतरून चालूही लागली. मी गुरगुरत चढ धरला आणि अर्ध्या वाटेवर तिला गाठले. ब्रिखिदाबाईंनी ब्रेक दाबला.

"चढावर थांबतेस?" मालक किंचाळले. "आता परत हलायची नाही! उतरा सगळे!"

"म्हातारीला सोडून जायचं का?" बाईंनी विचारले. फेलिपाआजी टोपलीसकट आत चढल्या. बाईंनी पहिला गिअर टाकला. मी थरथरलो, काळा धूर सोडला, आणि खरे सांगतो, मी फार घाबरलो होतो. बस बोटभर मागे सरकली. मग पुढे निघाली. वर पोहोचल्यावर कोंबड्यांसह सगळ्यांनी एकच गलका केला.

बरोबर आलेल्या तोरिबिओने हळूच विचारले, "मालक, उद्या काढू ना इंजिन?"

मालकांचे डोळे ओले झाले होते. बस वाचली होती आणि सीट गेली होती. ते म्हणाले, "राहू दे. माझं पोट उतरेपर्यंत हीच चालवेल."

"म्हणजे मी मरेपर्यंत," ब्रिखिदाबाई म्हणाल्या.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. चालवायला मिळत नाही म्हणून मालक रोज स्वतः माझे तेल पाहतात, पाणी भरतात, झाकण पुसतात. इतकी माया मला सिमेंटवाल्यांनी कधी दिली नाही. मित्रांनो, जुन्या यंत्राला भंगार म्हणण्याआधी त्याला एकदा चढ दाखवा. त्याचे तेलपाणी वेळेवर करा. आणि जागा मोजायची असेल तेव्हा मालकाचे जेवण होऊ द्या.

हल्ली मालक दारात उभे राहून पानात उकडलेले मक्याचे तामाल खातात आणि बाई आरशात बघून रागावतात. "अहो, जरा कमी खा!"

"वेडी का तू?" ते म्हणतात. "मी बारीक झालो तर तुझी सीट जाईल."