खाऱ्या वाळूतली भूक

बोअर खचायला लागला की शेणकाला ओतायचा, हे योगेशला बापाने शिकवलं होतं. वलगावच्या पुढे खारपाणपट्ट्यात कंपनीने हायड्रोजन साठवायला खोल बोअर मारला आणि त्याचे काठ ढासळू लागले, तेव्हाही त्याने कुणाला न विचारता घरच्या म्हशींचं शेण कालवून आत सोडलं. काठ धरले. साहेब लोकांनी पाठ थोपटली, तिथली राखणही त्यालाच मिळाली. गडी गावभर छाती काढून फिरला.

पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. खाली खाऱ्या पाण्याच्या वाळूत दाबून भरलेला वायू रोज थोडा कमी होऊ लागला, आणि गळती कुठेच सापडेना. शेवटी कंपनीच्या आरती मॅडम खालच्या पाण्याचा नमुना तपासून आल्या.

"योगेशभाऊ, खाली जिवाणू आहेत. त्यांना उजेड नको, हवा नको. आपला हायड्रोजन खातात आणि सडक्या अंड्यांसारखा विषारी वायू सोडतात. तुमच्या शेणावर त्यांनी बाळसं धरलंय."

"म्हंजे मीच पोसले त्याइले?"

त्या हसल्या नाहीत. "वास आला तर लांब व्हा. आणि येणारा वास एकदम गेला, तर जीव घेऊन पळा. वायू गेलेला नसतो, नाक मेलेलं असतं."

तेव्हापासून योगेशला घास उतरेना. आपण इथे भाकर मोडतो आणि खाली आपल्याच गोठ्यातलं काहीतरी अंधारात जेवत बसलंय, या विचाराने त्याला भीती वाटायची.

त्या दुपारी तो दाबाचा काटा बघायला बोअरजवळच्या झडपेच्या खड्ड्यात उतरला. विषारी वायूची सूचना देणारं, गळ्यात घालायचं यंत्र सारखं कोकलतं म्हणून वर खुंटीलाच टांगून ठेवलं होतं. उतरताना वास नाकात झोंबत होता, पण तो आता रोजचाच झाला होता. तळाशी पोचला आणि वास गेला. किती दिवसांनी साधी हवा मिळाली, असंच त्याला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

तेवढ्यात त्याची बायको रागिणी डबा घेऊन आली. काठावर वाकली आणि तिने नाकाला पदर लावला.

"काहून उतरले तुमी? केवढा घाण वास येऊन राह्यला इथं."

योगेशने मनगटाकडे पाहिलं. सकाळी चिंचेने घासलेलं चांदीचं कडं त्या वायूने काळं पडलं होतं. तो "पळ" म्हणाला, पण आवाज घशातच राहिला. पाय आपले वाटत नव्हते.

"असे काय करता? थांबा, हात देतो तुमाले," म्हणत रागिणी शिडीकडे वळली.

शाळेतून करिश्मा घरी यायची होती. पोरीला दोघांतलं एक तरी दिसायला हवं होतं. रागिणीचा पाय पायरीला लागायच्या आत त्याने होतं नव्हतं तेवढं बळ लावून खांद्याने शिडी ढकलली. शिडी घसरून खड्ड्यात आडवी झाली.

रागिणीने त्याला शिवी दिली, जन्मात पहिल्यांदा. मग त्याचा चेहरा पाहून ती ओरडत फाटकाकडे धावली. पायाखालच्या पाइपात काहीतरी गुरगुरलं. योगेश भिंतीला टेकून तिची हाक ऐकत राहिला. नाक गेलं होतं, कान अजून होते.