सहा नंबर रिकामा

पत्ता: थॉर्नफील्ड वसाहत, दुसरा ब्लॉक, सहा नंबर.
भाडेकरू: मयत.
भाडेकरूचं नाव: हा रकाना आमच्या कागदावर नसतो.

कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं घर ज्या दिवशी रिकामं होतं त्या दिवसापासून त्याला व्हॉइड म्हणतात. मग त्याला घर म्हणायचं नाही. "आज किती?" "तीन व्हॉइड. एक घाण आहे, मांजरं होती." असं आम्ही बोलतो. छताच्या वरून पाइप जातात ती पोकळीही व्हॉइडच. तिथे हात घालून बघावं लागतं, कारण लोक काय काय दडवून ठेवतात.

मी नेव्हिल. माझा जोडीदार गॉर्डन. एक व्हॅन, दोन माणसं, एकोणीस वर्षं. भाडेकरू मेला, पळाला किंवा तुरुंगात गेला की चावी आमच्याकडे येते. भिंतीला पक्कं नाही ते सगळं बाहेर काढायचं. गालिचा कालच टाकलेला असला तरी उपटायचा. पडद्यांच्या दांड्यासुद्धा काढायच्या. शेवटी दाराला लोखंडी पत्रा ठोकायचा, म्हणजे पोरं शिरत नाहीत.

गॉर्डनचा एक नियम आहे. वाचायचं नाही.

मी कामाला लागलो त्या वर्षी एका घरात मुलीनं आईला लिहिलेलं पत्र वाचलं होतं. मग पंधरा दिवस मला कुठल्याच ब्लॉकचा जिना चढवेना. गॉर्डन म्हणाला, "वाचशील तर संपशील, नेव्ह. सोफा उचल. सोफ्यावर काही लिहिलेलं नसतं."

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. आत शिरलं की पहिली फेरी उलटवायची. फोटो पालथे, टपाल पालथं, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या पालथ्या. अक्षर किंवा चेहरा असलेलं काही डोळ्यांसमोर ठेवायचं नाही. मग ऑफिससाठी खोल्यांचे फोटो काढायचे, 'आधी'चे. मग काम. खरं तर हे फोटो काही हलवण्यापूर्वी काढायला हवेत, तशी लेखी सूचनाच आहे. पण उलटवणं म्हणजे हलवणं, असं आम्ही कधी धरलंच नाही.


स्थिती:

मंगळवारी सकाळी आम्ही सहा नंबर उघडला. वास नव्हता. भांडी धुऊन उपडी घातलेली. गॉर्डन म्हणाला, "असं मरावं माणसानं. आमच्यासारख्यांना त्रास न देता."

मी झोपायची खोली आणि स्वयंपाकघर घेतलं. फ्रिजशेजारी खिळ्याला कॅलेंडर होतं. त्यावर लाल शाईनं, जाड पेननं काहीतरी लिहिलं होतं, चौकटी सोडून, पानभर, मोठ्या अक्षरात. लाल होतं एवढं मला दिसलं. मी ते उचललं, फिरवलं आणि त्याच खिळ्याला परत अडकवलं. मागची बाजू पांढरी होती. मग फोटो काढला.

जेवायच्या वेळेपर्यंत घर मोकळं झालं. कचरा दाबायची गाडी खाली उभीच होती.

मालमत्ता: रिकामी. खाली दोन सह्या.


व्हॉइडचा दिवस पहिला, दुसरा, तिसरा. हे दिवस ऑफिस मोजतं. चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सहा नंबरचा भाडेकरू रुग्णवाहिकेतून घरी आला.

विल्फ पिकर्सगिल, वय त्र्याऐंशी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात हॉस्पिटलची प्लास्टिकची पिशवी. दाराच्या जागी पत्रा. बरोबरच्या माणसानं विचारलं, "आजोबा, नक्की हाच मजला ना?" तर म्हातारा म्हणे, "एकेचाळीस वर्षं तरी हाच होता, पोरा."

मेली होती नऊ नंबरची बाई. ऑफिसात सहा लिहिलं गेलं होतं, बस एवढंच. नऊ नंबरात तिचा चहाचा कप अजून ओट्यावर होता. तो आम्ही पुढच्या आठवड्यात काढला.


व्हॅनमध्ये, सोमवारी. हा भाग कुठल्याच कागदावर नाही.

"जॅनिसनं दोघांना बोलावलंय," गॉर्डन म्हणाला. जॅनिस म्हणजे आमच्या खात्याची साहेब. "म्हातारा म्हणतोय, कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं. 'हॉस्पिटलात आहे, परत येणार.' जॅनिसनं आपले फोटो पाहिले. तसलं काही नाही. म्हणजे म्हाताऱ्याचं डोकं गेलंय. समुद्राकडच्या त्या वृद्धाश्रमात टाकणार आहेत त्याला."

"आणि त्याचं घर?"

"डोकं गेलेल्या माणसाला घर कशाला देतील?"

गॉर्डननं गाडी सिग्नलला थांबवली. "ते तू उलटवलंस का?"

"स्वयंपाकघर माझंच होतं."

"वाचलंस?"

"नाही."

"मग झालं तर. आपण काही पाहिलं नाही. खोटं बोलायचंच नाहीये, नेव्ह. खरंच पाहिलं नाही ना." सिग्नल सुटला तरी तो हलेना. मागून भोंगा वाजला. "फोटोआधी हात लावला हे कळलं तर दोघंही घरी. तुझी निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, माझं एक. त्या कागदावर माझीही सही आहे."

"गाडी पुढे घे, गॉर्डन."

"घेतो. पण तू ऐक."


बैठक. ऑफिसची मागची खोली, मंगळवार दुपार.

उपस्थित: जॅनिस. हॉस्पिटलकडून एक बाई, सगळं लिहून घेणारी. गॉर्डन. मी. आणि पिकर्सगिल, अंगात कुणाचा तरी दिलेला स्वेटर, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या.

जॅनिस मोठ्यानं आणि सावकाश बोलत होती. "मिस्टर पिकर्सगिल, आज कोणता वार आहे, सांगाल का?"

"मंगळवार. आणि तू मला तिसऱ्यांदा विचारतेयस, पोरी. विसरतेस का?"

लिहिणारी बाई हसली आणि मग थांबली.

"तुम्ही पाच आठवडे हॉस्पिटलात होता."

"होतो ना. लघवी अडली होती. रोज सकाळी त्या पोरी यायच्या आणि विचारायच्या, व्हॉइड झालं का, आजोबा? त्यांच्यात लघवीला व्हॉइड म्हणतात, ती झाल्याशिवाय सोडत नाहीत. पाच आठवडे मी त्या एका शब्दाची वाट बघितली." त्यानं बाह्या वर सारल्या, त्या पुन्हा खाली आल्या. "शुक्रवारी झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर इथेही तोच शब्द, दारावरच्या कागदावर."

"तुम्ही म्हणता की तुम्ही निरोप लिहून ठेवला होता."

"कॅलेंडरवर. लाल पेनानं. 'हॉस्पिटलात आहे. परत येणार. काही हलवू नका.' अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं, कारण वर्षातून एकदा तुमचा बॉयलर बघायला माणूस येतो."

जॅनिसनं फोटो टेबलावर सरकवला. फ्रिज. शेजारी खिळा. खिळ्याला पांढरा आयत.

"यात कुठे आहे?"

पिकर्सगिलनं फोटो हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. मग जॅनिसकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तोपर्यंत त्याचा आवाज खणखणीत होता. "लिहिलं होतं," तो म्हणाला. आणि मग, जरा हळू, "लिहिलं होतं बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर लिहिणाऱ्या बाईचं पेन हललं. ते मला दिसलं.

"गॉर्डन, तुम्ही काही पाहिलंत?"

"नाही, मॅडम."

"नेव्हिल?"

माझी नजर फोटोवर होती. पांढरं पान. त्याच्या वरच्या कडेला, खिळ्याजवळ, कॅलेंडरची तार उलटी दिसत होती. कुणी बघितलं नव्हतं, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. म्हातारा स्वतःच्या बाहीशी खेळत होता. अजून दोनदा विचारलं असतं तर तो म्हणाला असता, मी लिहिलंच नव्हतं. आणि मग ते खरंच तसं झालं असतं.

"ते उलटं आहे," मी म्हणालो. "मी उलटवलंय. फोटो काढण्याआधी. आम्ही सगळीकडे तसंच करतो. लाल अक्षरं होती. मोठी. मी वाचली नाहीत."

गॉर्डननं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं टोपी उचलली, आतून एकदा बघितली आणि मांडीवर पालथी ठेवली.

"नाही वाचलीस?" पिकर्सगिलनं विचारलं.

"नाही."

"सात शब्द होते रे."


निर्णय: सहा नंबर रिकामा झाल्याची नोंद व्हॉइड. इथे जॅनिसनं मला अर्थ समजावला, जणू त्या दिवशी तेच महत्त्वाचं होतं. रद्द केलेली गोष्ट घडून मग संपते. व्हॉइड केलेली गोष्ट मुळात घडलीच नव्हती असं धरायचं. म्हणजे मिस्टर पिकर्सगिल यांचं घर कधी रिकामं झालंच नाही.

निर्णय: पत्रा काढावा.

निर्णय: दोन कर्मचारी कामावरून कमी, शुक्रवारपासून.

गॉर्डन व्हॅनची चावी टेबलावर ठेवून निघून गेला. आमच्या गल्लीत तो आता समोरच्या फुटपाथनं चालतो. त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला दुकानात गाठून विचारलं, "कसं वाटतंय गं, दोघींचे नवरे दिवसभर घरात बसलेले?"


शेरा:

तीन आठवड्यांनी मी सहा नंबरला गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. बरोबर दुधाची बाटली नेली होती.

पिकर्सगिलनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि वाटेतून बाजूला झाला. आत चर्चवाल्यांनी दिलेली एक घडीची खुर्ची, एक पलंग, एक किटली. जमीन उघडी. तो बोलला की आवाज भिंतींवरून परत येत होता.

"बस," तो म्हणाला, "कुठे बसायचं ते शोध." मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकलो. त्यानं दूध घेतलं आणि ठेवायला जागा नाही म्हणून हातातच धरलं.

"तू आलास ते बरं झालं. मला एक विचारायचं होतं." तो झोपायच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. "या भिंतीवर, खिडकीच्या डाव्या बाजूला, एक फोटो होता. एडनाचा. माझी बायको. ती त्यात बसलीय की उभी आहे, यावर रात्रभर विचार केला मी. कोटात आहे की नाही तेही आठवेना. रोज समोर होता, म्हणून कधी नीट बघितला नसेल. शेवटचा तूच पाहिलास."

मी भिंतीकडे बघितलं. खिळा होता. भोवती फिकट चौकोन.

"मी पालथा घातला," मी म्हणालो.

"त्याआधी."

"त्याआधी बघायचं नाही असाच नियम होता."

दुधाची बाटली त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काहीतरी बघितलं असशील. चार तास होतास तू इथे."

मी खरंच प्रयत्न केला. डोळे मिटून दारातून आत आलो, उजवीकडे वळलो. चेहरा एकही नाही, अक्षर एकही नाही. होतं ते सगळं हातांत होतं.

"कपाट जड होतं," मी म्हणालो. "दोघांना लागलं. जिन्याच्या वळणावर तिरकं करावं लागलं. गादी मधे खचलेली होती, डाव्या बाजूला जास्त."

"ती तिची बाजू."

"पलंगाखाली पत्र्याचा डबा होता. सात-आठ किलो. आत काहीतरी सरकत होतं, कागद नव्हे. कागद सरकत नाहीत."

"तिचे बुटांचे जोड. दोन. आणि माझ्या आईची इस्त्री." तो खुर्चीत बसला आणि डोळे मिटले. "फोटो किती जड होता?"

"काच होती. पाव किलो असेल. जास्त नाही."

"पाव किलो," तो म्हणाला. मोकळा हात त्यानं पुढे केला, तळवा वर, आणि तसाच धरून ठेवला. "पुढचं सांग. स्वयंपाकघर."

मी स्वयंपाकघराचं सांगायला लागलो.