होळीच्या राखेचा साबण

कापडे गावात आजवर कोणी राख चोरली नव्हती. राख म्हणजे काय सोनं आहे चोरायला? पण सारिकानं चोरली, तीही होळीची, आणि आपण चोरी केली हे त्या बिचारीला ठाऊकसुद्धा नव्हतं.

सारिका म्हणजे दीपेशची बायको. जन्म घाटकोपरचा, लग्नानंतरचा संसारही तिथलाच. दिवाळीनंतर मात्र दीपेश नोकरीपायी मुंबईत राहिला आणि ती हौसेनं सासूजवळ, शकूबाईजवळ, गावी आली. तिला साबण करायचा होता. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवायचं, ते आटवायचं, खोबरेल घालून घोटत बसायचं. फोनवर बघून बघून पोरगी पार येडी झाली होती. रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीला दुकान लावणारा चुलतदीर मंगेश म्हणालाही होता, "वहिनी, तू बनव तर खरं. रोपवेची गिऱ्हाइकं उड्या मारतील." पण राख आणायची कुठून? घरात गॅस. शेजारणींच्या न्हाणीच्या चुली रोज धडाडून पेटायच्या, पण दारोदार राख मागायची तिला लाज वाटे. आधीच बायका तिला 'मुंबईवाली' म्हणायच्या. आपण या गावच्या कधी होणार, हाच एक घोर तिच्या जिवाला लागला होता.

मग शिमगा आला. माळावर आईन-किंजळाचे ओंडके रात्रभर जळले आणि धुळवडीच्या पहाटे तिथं राखेचा हा एवढा ढीग! सारिका हरखलीच. घाटकोपरला होळीची राख सकाळी झाडूवाले भरून न्यायचे. इथंही कोणीतरी फेकूनच देणार, असं ती धरून चालली. उरल्या निखाऱ्यांवर पाणी मारलं, सगळी राख घमेल्यानं घरी वाहिली आणि वर खराट्यानं माळ लख्ख झाडला. गाव खूश होईल, असं वाटत होतं बाईला!

उन्हं वर आली तसं गाव कपाळाला राख लावायला माळावर जमलं. बघतात तर काय, चिमूटभर राख नाही. अहो, काय तो गोंधळ! म्हाताऱ्या बयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "कुणा मेल्यानं नेली? आता पोराटोरांना काय लावू?"

घमेल्यातून सांडलेल्या राखेची रेघ सरळ शकूबाईच्या अंगणात गेली होती. रेघेमागून गाव तिथं पोचलं. सारिका तळाला भोक पाडलेल्या डब्यात पेंढ्यावर राख दाबून वरून पाणी ओतत होती. खाली चहाच्या रंगाचं पाणी ठिबकत होतं.

"अगो सारिके, ही होळीची राख हाय?" शकूबाईचा आवाज चिरकला. "घरोघरी कपाळाला लावतात गो ती!"

सारिकाच्या हातातला तांब्याच गळून पडला. राख तर सगळी भिजून चिखल झालेली. संपलं, आता जन्मभर मुंबईवालीच, असं मनात येऊन तिला रडू फुटलं.

"एवढी शिकलेली, आणि तोंडानं विचारता येत नाय?" बयाबाई कडाडली.

होळीचे मानकरी येसाजी आबा पुढं झाले. "झालं ते झालं. आता काय करायचं ते तूच सांग, बाय."

सारिकानं ओढणीनं नाक पुसलं. "आबा, राख अंगाला लागायला हवी ना? मग लागेल, साबण होऊन. रंगपंचमीपर्यंत थांबा. कपाळालाच काय, पाठीलासुद्धा लागेल!"

आबा ठसका लागेस्तोवर हसले. गावाचा राग तिथंच निम्मा उतरला.

सारिका चुलीपासून हलली नाही. राखेचं पाणी, त्यात टाकलेला बटाटा तरंगेल इतकं कडक होईपर्यंत आटवलं, खोबरेल ओतलं, दंड भरून येईस्तोवर घोटलं. मंगेशचा फोन आला, "माझा माल कधी?" "हा नाय द्यायचा भावोजी. हा गावाचा हाय," म्हणून तिनं फोन ठेवला. पण वड्या काही पडेनात. साबण आपला शिऱ्यासारखा मऊच. ती रडकुंडीला आली.

"मग वाटीत वाढ की," शकूबाई म्हणाली. "गिळायचाय थोडाच?"

सारिकानं आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिला, मग रंगपंचमीला पातेलं घेऊन नदीवर गेली. निळ्याजांभळ्या तोंडाचे आबा पहिले पुढं आले. कपाळाला टिळा लावला, मग तोंडभर चोळला. असा फेस आला की पोरं नाचायला लागली. मग काय, झुंबड! पातेल्याच्या तळाशीही कुणी काही ठेवलं नाही. बयाबाई तेवढी लांबच उभी होती. आधीच घेतलेला वाटीभर साबण कपाळाला न लावताच पदराखाली घेऊन निघून गेली. सारिकाला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खाकरल्याचा आवाज आला. बयाबाई डबा घेऊन उभी, आणि तिच्यामागं आळीतल्या बायका, प्रत्येकीच्या हातात डबा नाहीतर बादली.

"धर. न्हाणीच्या चुलीची राख हाय, चाळून आणलीय," बयाबाई फणकारली. "मागितली असतीस तर पहिल्याच दिवशी दिली असती की गो, येडे. आपल्या माणसाला राख द्यायला काय जातं?"