काकूंचं माहेर वीस किलोमीटर लांब गेलं त्याची गोष्ट

या, जवळ सरकून बसा. मागे बसलं की कीर्तनही अर्धंच कानावर पडतं. देवाचं नाव घेऊन आज एका पिकअपचं आख्यान लावतो; हसू आलं तर आवरू नका.

रोपवाल्या काकांची छोटी पिकअप होती. तिच्यात गुलाबाची, पेरूची रोपं भरून ते गावोगाव फिरत. एक दिवस तिच्या इंजिनाने मान टाकली. काकू म्हणाल्या, "झालं! आता भंगारात घाला, आणि जावयाच्या चपलांच्या दुकानात बसा. सावली आहे, पंखा आहे."

काकांना घाम फुटला. जन्मभर झाडांना पाणी घातलं, आता लोकांच्या पायात चपला घालायच्या?

"नवं इंजिन बसवतो ना!"

"बसवा. पण ही पेट्रोल ढोसायची नुसती. लिटरला वीसचं अ‍ॅव्हरेज दिलं तर राहील. एकोणीस आलं तरी दुकान."

काकांचे साडू गॅरेजवाले. हात सोन्याचा, बोलणं त्याहून चकचकीत. त्यांनी अपघातात चेपलेल्या एका मोठ्या व्हॅनचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचललं आणि पिकअपच्या पोटात बसवलं. "साडूभाऊ, पेट्रोलचा नुसता वास घेऊन चालेल ही!"

काकांनी टाकी तोंडापर्यंत भरली. गाडी गदागदा हलवून आणखी दोन घोट जिरवले. मग चपला काढून, देवळात शिरावं तसा हलका पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला. दोन दिवस फिरून पुन्हा टाकी भरली, भागाकार केला. सत्तावीस!

काका पंपावरच नाचायचे बाकी राहिले. भेटेल त्याला सांगत सुटले. एकच गोष्ट खटकत होती. काटा पस्तीसवर असताना शेजारून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढे गेला. काका म्हणाले, "काय दम आहे गड्यात!"

त्या आनंदात ते काकूंना माहेरी घेऊन निघाले. घरापासून माहेर चाळीस किलोमीटर. रस्त्यावरचे दगड काकूंना तोंडपाठ. दारात गाडी थांबली आणि काकूंनी मीटरकडे बोट दाखवलं.

"निघताना तुम्ही हा शून्यावर आणलात ना?"

"आणला की."

"मग साठ कसे? तीस वर्षं माझं माहेर चाळीसवर होतं. वीस किलोमीटर मागे कोणी ढकललं?"

काकांनी साडूंना फोन लावला. पलीकडे जरा खोकला झाला.

"त्याचं काय आहे साडूभाऊ, मीटरची तार गिअरबॉक्समधून निघते. गिअरबॉक्स पडला मोठ्या व्हॅनचा. तिची चाकं मोठी, तिचं माप वेगळं. आपली गाडी चार चालते, मीटर सहा सांगतं."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"तुम्ही इतके खूश होतात, म्हटलं कशाला विरजण घाला!"

काकूंना भागाकाराचा कंटाळा. काका गप्प बसले असते तर सत्तावीस ते सत्तावीसच राहिलं असतं. काकांना मोह झाला, मी खोटं कशाला सांगू? पण तोंड उघडलं.

"ऐक. सत्तावीस नाही. खरं अठरा पडलं." आणि त्यांनी किल्ली काकूंच्या हातावर ठेवली. "शब्द दिला होता. उद्यापासून चपला."

काकूंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. नवऱ्याचा चेहरा पाहिला; रोप उपटून उन्हात टाकावं तसा झाला होता.

"मी काय म्हटलं होतं? वीस."

"हो."

"कुठल्या मीटरवर, ते मी बोलले होते?"

"नाही बुवा."

"मग हेच मीटर धरा. सत्तावीस म्हणजे सात जास्तच झाले. आणि त्या साडूंना सांगा, मीटरला हात लावाल तर बघा!"

"अगं, पण हे खोटं दाखवतंय."

"दाखवू दे. तुम्ही खरं सांगितलंत ना? घरात एक खरं बोलणारा पुरे." आणि किल्ली त्यांच्या खिशात कोंबून त्या माहेरात शिरल्या.

काका अजून रोपंच विकतात; पस्तीसच्या काट्यावर, सायकलींच्या मागे. तेव्हा मंडळी, हात जोडून एक मागणं. कधी पंपावर उभे राहून अ‍ॅव्हरेजचा भागाकार करायला बसलात, तर आमच्या काकूंची आठवण काढा, आणि देवाजवळ त्यांच्यासाठी चांगला शब्द टाका.