उलट्या काळजाचा दीव

सोरूरच्या उजव्या हाताची बोटं आखडू लागली ती नेमकी चित्रकथेच्या चौथ्या अंकाच्या वेळी. टोरांटोतल्या इराणी बेकरीत सकाळी नान विकायचे आणि दुपारी चित्रकथा काढायची, हा तिचा सहा वर्षांचा शिरस्ता. चित्रकथेतली बाई तिच्यासारखीच, परक्या देशात लिहून पोट भरणारी. आणि परवान्याच्या खिडकीमागे बसलेला अधिकारी म्हणजे आजीच्या गोष्टींतला दीव, शिंगं असलेला राक्षस. या दीवाची खोड इराणात, तिच्या यज्द गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक: सांगाल त्याच्या नेमकं उलट करणार. पाण्यात टाकू नको म्हटलं, की पाण्यातच.

अंक वेळेवर गेला नाही तर प्रकाशक करार मोडणार, आणि करार गेला की या देशात राहण्याचा परवानाही गेला. डॉक्टरांना काही सापडेना. बोटं मेली ऐकायला तयार नाहीत.

यज्दहून आईचा, अख्तर खानमचा, रोज फोन. "तुझं दुखणं माझ्या जिवाला लागो," हे तिचं पालुपद. तिकडे भाजीवालासुद्धा असंच बोलतो, कोणी मनावर घेत नाही. मग निरोपाला पाव तास. आधी फोन ठेवणं म्हणजे उर्मटपणा, म्हणून मायलेकी 'तू ठेव, नाही तू ठेव' करत बसायच्या.

त्या आठवड्यात मात्र सोरूरच्या एक गोष्ट ध्यानात आली. आईने ते वाक्य म्हटलं, की त्याच क्षणी एक बोट लुळं पडायचं. सोमवारी करंगळी, मंगळवारी तिच्या शेजारचं. आणि टेबलावरच्या पानातला दीव, जो तिने खिडकीसमोरच्या बाईकडे बघणारा असा काढला होता, तो आता फोनकडे बघत होता. कान टवकारून. तिने शाई चाचपली. वाळलेली होती, कुठे खाडाखोड नव्हती.

बुधवारी तिने हसण्यावारी नेत आईला सगळं सांगितलं, तुझा आशीर्वाद मला उलटा लागतोय म्हणाली. अख्तर खानम हसली नाही. गॅसवर काहीतरी करपतंय म्हणाली. निरोप मात्र पाव तास घेतला.

गुरुवारी दुपारी फोन आला. ना ख्यालीखुशाली, ना लाडाचं नाव.

"तुझं दुखणं तुझ्यापाशीच ठेव. माझ्या आसपाससुद्धा नको मला ते."

सोरूरला थोबाडीत बसल्यासारखं झालं. उभ्या जन्मात आई अशी बोलली नव्हती. डोळे भरून आले, ते पुसायला हात वर गेला, आणि तो उजवा होता. पाचही बोटं सरळ. तिने पेन उचललं, रेघ ओढली, रेघ सुरेख आली. तेवढ्यात फोनमध्ये काचेचा पेला फुटला.

"मामान, काय पडलं?"

"चहा. वेंधळी आहे मी, तुला काय नवीन आहे."

"कुठल्या हातातून?"

पलीकडून नुसता काचा गोळा केल्याचा आवाज आला. तेव्हा कुठे सोरूरच्या डोक्यात प्रकाश पडला. दीवाने मागितल्याच्या उलट केलं होतं, आणि आईने ते जाणूनबुजून मागून घेतलं होतं. आता सोरूरनेही तेच म्हणायचं, तुझं दुखणं तुझ्यापाशी राहू दे, की ते परत इकडे येईल. एवढंसं वाक्य. पण मध्येच परवाना आठवला, खोटं कशाला सांगू, आणि ती क्षणभर अडखळली.

"मामान, तुझं दुखणं..."

फोन ठेवलेला होता. सहा वर्षांत कधी आधी फोन न ठेवणाऱ्या बाईने तो ठेवला होता. सोरूरने पुन्हा लावला, पुन्हा लावला. यज्दमध्ये घंटी वाजत राहिली.

शेवटी ती पानावर वाकली. बाईच्या तोंडचा फुगा रिकामाच होता, त्यात तिने ठळक अक्षरांत लिहिलं: आईचं दुखणं आईपाशीच राहू दे. मग पेन धरून बोटं आखडायची वाट बघत बसली.

दीवाने तिच्याकडे पाठ केली होती आणि कानांवर हात ठेवले होते. बोटं सरळच राहिली.