हरणाची पोत

"दम आत धर गं हरणे, निऱ्या सुटायल्यात!"

मथुराबाईनं निऱ्यांचा घोळ पोरीच्या कमरेत खोचला आणि मागं सरून पाहिलं. लुगडं नेसवणं तसं अवघड नाही; पण आत बाईच नसली म्हणजे पंचाईत होते. तेरा वर्षांची हरणा त्या नऊवारीत खांबाला गुंडाळल्यासारखी दिसत होती. मथुराबाईनं कमरेशी आणखी एक दुमड घातली, पदर डोक्यावर ओढला. तरी समाधान होईना, तेव्हा फडताळातून काळ्या मण्यांची पोत काढून पोरीच्या गळ्यात बांधली.

"माय, ही कशाला?"

"कामावर पोरीसोरी घेत न्हाईत. मुकादमानं ईचारलं तर लगीन झालंय म्हणायचं. मालक ढोकीला कारखान्यावर हायत म्हणायचं."

"नाव काय सांगू त्याचं?"

"नवऱ्याचं नाव सांगतेत व्हय कुठं? लाजायचं."

बहात्तरच्या दुष्काळाची ही गोष्ट. तेरणा नदीत वाळू तेवढी उरली होती. बाप मेंढरं घेऊन चाऱ्यामागं दूर निघून गेला होता, घरात मायलेकी दोघीच. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं आणि आठवीतली हरणा तेरच्या शाळेतून निघाली. 'शाळा कुठं पळून जाती का? काम संपलं की बस पुन्हा,' असं मथुराबाईनं तिला कबूल केलं होतं. त्या एका शब्दावर पोरगी उभी होती.

लिंबाजी मुकादमानं विचारलं, हरणा खरोखरच लाजली, आणि मायलेकींना काम मिळालं.

शेजारच्या चार गावच्या बाया मातीची टोपली वाहायच्या. त्यांनी हरणाला आपल्यात घेतलं ते थेट थोरल्यांच्या पंगतीत. नवरा येतो का, सासू कशी आहे, अजून काही 'हाय का न्हाय', असं भलतंसलतं विचारून खिदळायच्या. हरणा पदराआड तोंड लपवायची आणि आतून चिडायची. तिला सगळ्याचाच राग येई. बायांच्या हसण्याचा, कपाळावर उठलेल्या पुटकुळ्यांचा, चालताना मधेमधे येणाऱ्या स्वतःच्याच हातांचा. गावातून जाताना जुन्या मैत्रिणी गजग्यांचा डाव थांबवून तिच्याकडं परक्या बाईकडं बघावं तशा बघायच्या. तिला त्यांच्यात बसायचंही असे आणि बसवतही नसे. एका जागी म्हणून तिचा जीव ठरत नव्हता.

शिमग्याच्या सुमारास कामावरच तिला न्हाण आलं. एरवी पोरगी न्हातीधुती झाली की शेजारणी जमतात, ओटी भरतात, चार दिवस तिचं कौतुक चालतं. पण लग्न झालेल्या बाईला न्हाण आत्ता कसं येईल? मथुराबाईनं तिला बाभळीआड नेलं, फडकं दिलं आणि कानात सांगितलं, "गप. कुणाला बोलायचं न्हाई." हरणा घाबरून रडली तेही आवाज दाबून. थोड्या वेळानं ती पुन्हा रांगेत उभी होती, डोक्यावर टोपलं घेऊन.

उन्हाळा संपता संपता मथुराबाईनं एक दुमड सोडली, मग दुसरीही. लुगडं अंगावर नीट बसलं. आणि मग कळंबच्या बाजारातून ती एक स्थळ घेऊन आली.

"मला शाळंत जायचंय," हरणा म्हणाली. "तू कबूल केलंतंस."

"केलंतं. पर चार गावच्या बायांनी तुला नवऱ्याची म्हणून बघितलंय. उद्या कुवारी म्हणून कुणाला दाखवू? पोत हायच गळ्यात. अक्षता टाकल्या की खरं हुईल."

"मग पोत काढून टाक."

मथुराबाईनं झटकन पोतीवर हात ठेवला. "काय बोलायलीस? पोत तोडत असतेत व्हय? धन्यावर येतं ते."

"कुठल्या धन्यावर? माय, नवराच न्हाई तर मरंल कोण?"

एवढा सरळ प्रश्न मथुराबाईला आजवर कुणी विचारला नव्हता. पोरगी कालपर्यंत सांगितलं ते ऐकत होती. आता प्रत्येक गोष्टीचं मूळ उकरत बसायची.

"जो येणार हाय, त्येच्यावर आलं तर?" मथुराबाई कशीबशी म्हणाली. तिची भीती खरी होती.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात तिच्या शाळेतले शांतलिंग गुरुजी कामावर आले. शाळा सोडलेली पोरं गोळा करत ते रानोमाळ सायकल हाणत होते. रांगेतल्या एका उंच बाईपाशी थांबून त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, मथुराबाईंची हरणा कुठं असते हो?"

हरणाच्या डोक्यावरचं टोपलं कललं.

"म्याच हाय की, गुर्जी."

गुरुजी बघतच राहिले. चेहरा ओळखीचा वाटला तसे ते हसले. मग नजर गळ्यातल्या पोतीवर गेली आणि हसू मावळलं. आठवीच्या वर्गात 'गाढवे' म्हणून हाक मारणाऱ्या त्या माणसानं मान खाली घातली.

"लग्न झालं होय? आम्हाला कळलंच नाही. बरं, सुखानं नांदा."

लिंबाजी मुकादम रांजणाशी पाणी पीत उभा होता. मागं मथुराबाई टोपलं धरून उभी होती. गुरुजींनी सायकल वळवली. 'नांदा' हा एक शब्द हरणाच्या डोक्यात घणासारखा पडला. आता बोललो नाही तर आपण कायमची ही बाई होऊन बसणार, हे तिला लख्ख कळलं. तिनं टोपलं फेकलं आणि ती धावली. लुगडं पायात आलं, ती गुडघ्यावर आपटली. तिथूनच ओरडली, "गुर्जी! खोटी हाय वो! पोत खोटी हाय!"

आणि दोन्ही हातांनी हिसडा देऊन तिनं ती तोडली.

बायांनी तोंडावर हात घेतले. काळे मणी काळ्या मातीत सांडले आणि दिसेनासे झाले. मथुराबाई धावत आली, खाली बसली, माती चाचपू लागली. एकही मणी हाताला लागेना. गुरुजी सायकल टाकून परत आले. गुडघ्यावर बसून रडणाऱ्या हरणाला म्हणाले, "ऊठ गाढवे. सोमवारी शाळा आहे. परकर आखूड होत असेल तर लुगड्यात ये."

लिंबाजी जवळ आला. हरणाच्या उघड्या गळ्याकडं बघत राहिला.

"आरं, ही तर पोरगी हाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग कमी आणि नवल जास्त होतं. "बाई, उद्यापासनं हिला आणू नगा."

दिवस मावळताना मायलेकी घरी निघाल्या. गावाच्या शिवेवर मथुराबाई थांबली, पदराचं टोक जिभेनं ओलं केलं आणि पोरीचा गळा पुसू लागली. उन्हानं रापलेल्या कातडीवर पोत होती तिथं बारीक उजळ रेघ उमटली होती.

"जाती का?" हरणानं विचारलं.

"न्हाई."

"जाईल हळूहळू," हरणा म्हणाली.

मथुराबाईनं आणखी थोडा वेळ पुसलं. मग हरणाच्या हातातलं टोपलं घेऊन आपल्या टोपल्यात घातलं, दोन्ही डोक्यावर घेतली आणि पुढं चालू लागली. हरणा तिच्या मागून निघाली. हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.